पांढऱ्या पट्टीचे पिंजरे

संस्थेच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, प्रयोगाच्या उंदरांच्या खोल्या होत्या आणि त्या खोल्या सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत. लहान मुले उंदराला ज्या नात्याने हाक मारतात तेच नाते त्यांना येऊन चिकटले होते. एकोणतीस वर्षांत त्यांचे खरे नाव फक्त हजेरीच्या कागदावर उरले होते. मामांची त्याला हरकत नव्हती. कुणी नवखा त्यांना आडनावाने साहेब म्हणाला तर तेच मागे वळून बघत, की हा कुणाशी बोलतोय.

सकाळी सव्वासातला ते येत. बाहेरचे कपडे खुंटीला, अंगात धुतलेला झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, बुटांवर कापडी पिशव्या, आणि मग आत. आतली हवा बारा महिने एकाच मापाची. पिंजरे म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचे पसरट डबे, तळाशी लाकडाचा भुसा, वर तारेचे झाकण. त्या झाकणातच एक खोलगट खळगा असे. त्यात खाद्याच्या कोरड्या कांड्या ठेवायच्या आणि शेजारी पाण्याची बाटली उलटी अडकवायची. उंदराने मागच्या पायांवर उभे राहून, मान वर करून तारेतून खायचे. भुसा बदलणे, बाटल्या धुणे, वजने घेणे, आणि सगळे लिहिणे. जे दिले ते लिहायचे आणि जे लिहिले तेच द्यायचे, हा तिथला नियम. मामा नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी तीनदा म्हणायला लावत.

त्या वर्षी त्यांच्याकडे डॉक्टरबाईंचा प्रयोग होता. या डॉक्टरबाई रोगी तपासणाऱ्या नव्हेत. चार वर्षे त्या एकाच औषधामागे लागल्या होत्या. सेरियम नावाच्या धातूची फिकट पिवळी पूड, आणि तिचे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो ओळीने मावावेत. ते पाण्यात कालवून, किरणांचा मारा होण्याआधी, सुईने द्यायचे. मामांना प्रत्येक प्रयोगात काय चालले आहे ते समजून घ्यायची खोड होती आणि डॉक्टरबाईंना समजावून सांगायची.

"मामा, असे किरण शरीरात शिरले की जास्त करून काय फोडतात, ठाऊक आहे? पाणी."

"पाणी कसं फुटेल, बाई?"

"फुटतं. आणि त्याचे तुकडे असे पिसाळतात, की जे जवळ असेल त्याचा लचका तोडतात. जीवनसत्त्वाची गोळी दिली तर ती एका तुकड्याला धरते आणि तिथंच संपते. माझा कण एकाला धरतो, शांत करतो, आणि पुन्हा पुढच्याला धरायला मोकळा."

"म्हणजे आपल्या फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या अगदी उलट," मामा म्हणाले. "तो सकाळी एकाला अडवतो आणि मग दिवसभर चहा पितो."

डॉक्टरबाई हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांच्या मनात दुसरेच होते. त्यांची थोरली बहीण, अक्का, त्याच महिन्यात घशाच्या गाठीवर किरणांचे उपचार घेत होती. सहा आठवडे रोज जायचे होते, त्यातले तीन झाले होते. अक्कांचे यजमान कधीच गेले होते, मामांनी लग्न केले नव्हते, आणि दोघे भावंडे दोन खोल्यांत राहत होती.

"मग हे अक्काला..."

"नाही, मामा," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माणसापर्यंत पोचायला अजून दहा-बारा वर्षं. पोचलं तर. आत्ता तर उंदरांवरसुद्धा सिद्ध व्हायचंय."

उंदीर अठ्ठेचाळीस होते. बारा पिंजरे, प्रत्येकी चार. सहा पिंजऱ्यांवर निळी पट्टी, सहांवर पांढरी. एका रंगाच्या उंदरांना औषध मिळाले होते, दुसऱ्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणता रंग कशाचा, हे फक्त आकडेमोड करणाऱ्या सरांना माहीत होते आणि त्यांनी तो कागद कपाटात बंद केला होता. बघणाऱ्याला माहीत असले की त्याची नजर पक्षपात करते, म्हणून ही सोय. सुई टोचून झाल्यावर सगळे पिंजरे तळघरातल्या यंत्राकडे गेले, ठरलेला मारा घेऊन परत आले, आणि पुढे तीस दिवस कोण जगते ते बघायचे होते.

पहिला आठवडा काहीच झाले नाही. नवव्या दिवशी उंदरांचे केस उभे राहू लागले. दहाव्या दिवशी दोन मेले. अकराव्या दिवशी सकाळी मामांनी पांढऱ्या पट्टीच्या एका पिंजऱ्यात बघितले, तर एक मादी खाद्याखाली उभी राहायचा प्रयत्न करत होती. उठायची, झाकणाला नाक लागायच्या आत कोसळायची, पुन्हा उठायची. खाद्य डोक्यावर दोन बोटे उंच होते.

त्या सकाळी घरी अक्कांनी पावाचा तुकडा तोंडात घेतला होता आणि तसाच हातात काढून ठेवला होता. तोंडात लाळ उरली नव्हती, घसा आतून सोलल्यासारखा झाला होता. मामांनी पाव दुधात भिजवला, चमच्याने कुस्करला आणि भरवला, तेव्हा कुठे चार घास गेले होते.

मामांनी खाद्याच्या चार कांड्या पाण्यात भिजवल्या, बोटाने मऊ केल्या, आणि बाटलीच्या एका रुंद टोपणात घालून ते टोपण पिंजऱ्यात खाली, भुशावर ठेवले. मादी सरपटत आली आणि खाऊ लागली. मामा तिथेच उकिडवे बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी टोपणे तीन झाली. मग पाच. जो पिंजरा वाईट दिसेल त्यात टोपण. वाईट जास्त करून पांढऱ्या पट्टीचेच दिसत होते, निळ्यांतले दोनच. पट्टीचा अर्थ मामांना माहीत नव्हता. उपाशी कोण, एवढेच ते बघत होते.

आणि हे त्यांनी लिहिले नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. लिहिण्यासारखे काय आहे, असे त्यांनी स्वतःला विचारले. खाद्य तेच, पाणी तेच, वरून नवे काहीच दिलेले नाही, फक्त जे वर होते ते खाली ठेवले. मात्र जनावरांचे डॉक्टर रोज सकाळी अकरा वाजता फेरीला येत, त्याच्या आत ते सगळी टोपणे काढून धुऊन ठेवत. भिजलेले खाद्य आंबते म्हणून, असेही त्यांनी स्वतःला सांगितले होते.

तीस दिवस भरले. सोमवारी सरांनी कपाटातला कागद काढला. मामा वरच्या मजल्यावर रिकाम्या बाटल्या द्यायला गेले, तर डॉक्टरबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. या बाईंना मामांनी कधी खुर्चीतही नीट टेकलेले बघितले नव्हते.

"जगायला नको होते ते जगले, मामा."

"कोण?"

"पांढरी पट्टी. त्यांना नुसतं मिठाचं पाणी होतं. एवढ्या माऱ्याला चोवीसपैकी अठरा तरी जातात, दर वेळी जातात. या वेळी गेले नऊ. आणि औषध दिलेल्यांतले गेले सात. नऊ आणि सात. याला फरक म्हणाल तुम्ही?"

मामांनी हातातल्या बाटल्या पायरीवर ठेवल्या.

"गुरुवारी प्रयोगांच्या समितीची बैठक आहे. ते बंद करा म्हणायच्या आत मीच सांगणार, औषध चालत नाही, बंद करा. लाज तरी वाचेल." त्या उठल्या, झगा झटकला आणि म्हणाल्या, "तुमचा काही दोष नाही हं. उलट एवढे जगले म्हणजे तुम्ही डोळ्यांत तेल घालून सांभाळलंत."

मामा खाली आले आणि त्यांनी धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुवायला घेतल्या. एक झाली, दुसरी झाली, तिसरी हातातून निसटली. नऊ उंदीर जास्त जगले होते. हे नऊ कुठून आले ते या इमारतीत एकाच माणसाला माहीत होते. औषध नापास झाले नव्हते. ज्यांनी मरायचे होते त्यांना खाऊपिऊ घालून मामांनीच फरक पुसून टाकला होता.

संध्याकाळी ते चालत घरी निघाले आणि स्वतःच्या गल्लीचे वळण मागे टाकून बरेच पुढे गेले. परत फिरले, औषधाच्या दुकानाशी थांबले, काय घ्यायचे ते आठवेना, तसेच घरी आले.

अक्का खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. उपचार संपून दहा दिवस झाले होते. गळ्याची कातडी करपल्यासारखी काळवंडली होती आणि आवाज पत्र्यावर खडा ओढावा तसा येत होता. पण बोलायचे कमी झाले नव्हते. चाळीस वर्षे शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेतलेल्या त्या बाईंच्या हिशेबी भाऊ सत्तावन्न वर्षांचा झाला तरी दुसरीतच होता.

"बाळ्या, बूट काढ. आणि तिथल्या तिथे काय फेऱ्या घालतोस? फरशी झिजेल."

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्या मुलाच्या खिशात नेहमी काहीतरी असतं. बोल."

मामा बोलले. खुर्चीत बसून सुरुवात केली, मध्येच उठले, पाण्याचे भांडे भरले, रिकामे केले, पुन्हा बसले. टोपणांपर्यंत आले तेव्हा अक्कांनी हात वर केला.

"थांब. म्हणजे परीक्षा चालू असताना तू ढ मुलांना उत्तरं सांगितलीस."

"ढ नव्हते गं ते. उपाशी होते."

"तेच. हुशार आणि ढ सारखेच पास झाले, आणि आता मास्तरीण म्हणतेय, माझं शिकवणंच फुकट. बरोबर?"

"बरोबर."

"मग जा आणि मास्तरणीला सांग. यात फेऱ्या घालण्यासारखं काय आहे? नोकरी जाईल?"

"नोकरीचं नाही. तीन वर्षं राहिलीत, गेली तर गेली." हे पूर्ण खरे नव्हते. एकोणतीस वर्षांच्या कागदावर एक डाग नव्हता आणि त्या कोऱ्या कागदाचा मामांना फार अभिमान होता. पण मनात अडकलेले वेगळेच होते. "अक्का, मी सांगितलं तर त्या प्रयोग पुन्हा करणार. म्हणजे आणखी अठ्ठेचाळीस. पिलांच्या खोलीतली. मी वाढवलेली. नऊ वाचवले म्हणून आता अठ्ठेचाळीस तळघरात पाठवायचे. आणि नाही सांगितलं, तर औषध बंद. ते खरंच चालत असेल तर?"

अक्कांनी पाण्याचा घोट घेतला. गिळताना डोळे मिटले, आणि उघडायला वेळ लागला.

"मला सहा आठवडे जे दिलं," त्या म्हणाल्या, "ते किती द्यायचं, किती दिलं की माणूस मरतो, हे कुणावर तरी बघितलंच असेल ना आधी? का देवानं चिठ्ठी पाठवली होती?"

मामांनी त्यांच्या हातातले भांडे घेऊन खाली ठेवले.

"मी त्यांचे आभार मानावेत असं मी म्हणत नाही. ते काही स्वखुशीनं गेले नव्हते. पण ज्यांचे गेले ते तरी कुणाच्या उपयोगी पडावेत. तुझे आधीचे सोळा गेले ना? ते कशासाठी गेले मग?" आवाज पार बसला. त्यांनी हातानेच खूण केली, आता पाव भिजव.

मंगळवारी मामा दोनदा वर गेले. पहिल्यांदा डॉक्टरबाई फोनवर होत्या. दुसऱ्यांदा त्या एकट्या होत्या, समोर कागद पसरलेले, आणि मामा म्हणाले, "बाई, तीन नंबरच्या खोलीतला दिवा लुकलुकतोय." डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग विजेच्या माणसाला सांगा ना." मामा बरे म्हणाले आणि खाली आले. दिवा ठीक होता.

त्या दुपारी ते पिलांच्या खोलीत गेले. काम नव्हते, तरी गेले. नुकती आईपासून वेगळी केलेली पिले एकमेकांच्या अंगावर चढून झोपली होती. मामा मनात मोजू लागले, किती आहेत, अठ्ठेचाळीस निघतील का. आपण काय मोजतो आहोत ते ध्यानात आल्यावर त्यांनी दार ओढून घेतले, आणि हात धुतले, आणि पुन्हा धुतले.

बुधवारी सकाळी ते झगा न घालताच वर गेले.

"बाई, मी त्यांना खायला घातलं."

डॉक्टरबाईंनी वर बघितले. "म्हणजे? खायला घालणं तुमचं कामच आहे."

"मऊ करून. टोपणात. खाली ठेवून. ज्यांना उभं राहता येईना त्यांना."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले.

"कधीपासून?"

"अकराव्या दिवसापासून."

"कुठल्या पिंजऱ्यांना?"

"पांढऱ्यांतल्या पाचांना. निळ्यांतल्या दोनांना. तेसुद्धा शेवटी शेवटी."

"किती घातलंत?"

"मोजलं नाही."

"मोजलं नाही!" त्या उभ्याच राहिल्या. "मामा, तुम्ही भुशाची मूठसुद्धा मोजता! तुम्ही माझ्या हातून एक आकडा खोडला गेला तर सही मागता! आणि हे मोजलं नाही? लिहिलं नाही?"

"खाद्य तेच होतं, बाई. पाणीही तेच."

"तेच कसं? उभं राहून खाता येणं हाच तर फरक होता!" त्या खिडकीशी गेल्या, परत आल्या. "तीन दिवस मी ते आकडे उलटेपालटे करतेय. पूड खराब झाली का, मारा कमी पडला का, मी सुई चुकीची दिली का. यंत्रवाल्यांशी भांडले. त्या बिचाऱ्यांनी यंत्र दोनदा तपासलं."

"चुकलो."

"तुम्हाला वाटत असेल मी खूश होईन. उद्या समितीला काय सांगू? औषध चालतं असं म्हणता येत नाही. चालत नाही असंही म्हणता येत नाही. सांगण्यासारखं एवढंच, की आमच्याकडे एक दयाळू माणूस आहे!"

मामांनी मान खाली घातली. मग, बराच वेळ मनात घोळत होते ते, न विचारताच त्यांच्या तोंडून गेले.

"सगळ्यांना दिलं तर? पुन्हा केलंत, तर बाराही पिंजऱ्यांना, सारखं, मोजून, पहिल्या दिवसापासून. मग औषधाचा फरक औषधाचाच राहील. आणि निदान मरताना उपाशी तरी..."

डॉक्टरबाईंनी दाराकडे बोट केले. "जा तुम्ही," एवढेच म्हणाल्या. पण मामा दाराशी पोचले तेव्हा त्यांनी कागद ओढून काहीतरी लिहायला घेतले होते.

गुरुवारी समिती तीन तास चालली. मामांना मध्येच आत बोलावले आणि जे डॉक्टरबाईंना सांगितले तेच पुन्हा सांगायला लावले. समितीतले एक गृहस्थ म्हणाले की या माणसाला आजच दुसऱ्या विभागात हलवा. जनावरांच्या डॉक्टरांनी, ज्यांच्यापासून मामांनी टोपणे लपवली होती त्यांनीच, घसा खाकरून सांगितले की किरणे दिलेल्या उंदरांना खाली मऊ खाद्य ठेवायला हवेच होते. सगळ्यांना ठेवायला हवे होते. हे आपल्याच नियमात नव्हते, त्याचा दोष एका माणसावर टाकू नये. शेवटी ठरले ते असे : प्रयोग एकदा, फक्त एकदा, पुन्हा करायचा. मऊ खाद्य बाराही पिंजऱ्यांना, तोलून. या वेळी कमी फरक निघाला तर काम बंद. मामांच्या कागदावर ताकीद चढली. खोली त्यांच्याकडेच राहिली, पण किल्ली रोज जनावरांच्या डॉक्टरांकडून घ्यायची.

"तुम्हालाच का ठेवलं, सांगू?" डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या. राग अजून उतरला नव्हता. "कारण कोण उपाशी आहे हे दुसऱ्या कुणाला ओळखू येत नाही. फक्त या वेळी ओळखलंत तरी काही करायचं नाही. जमेल?"

"माहीत नाही," मामा म्हणाले.

अठ्ठेचाळीस पिले मोठी झाली, त्यांच्या कानांना खुणा झाल्या, पट्ट्या लागल्या, या वेळी पिवळ्या आणि हिरव्या. सरांनी नवा कागद कपाटात बंद केला. तळघरात पिंजरे मामांनी स्वतः नेले. कुणी सांगितले नव्हते. दुसऱ्या कुणाच्या ढकलगाडीवर ते गेलेले त्यांना बघवले नसते, आणि स्वतः नेतानाही बघवले नाही.

अकरावा दिवस उजाडला. मामांनी रोजच्यासारखे खाद्य भिजवले, कुस्करले, आणि तराजूवर एकेक टोपण ठेवून तोलले. प्रत्येकी बारा ग्रॅम. एक कण जास्त झाला तर तो चिमटीने काढून घेत. पिवळ्याचा पहिला, दुसरा. हिरव्याचा पहिला, दुसरा. हिरव्याच्या तिसऱ्या पिंजऱ्यात, डाव्या कानाला दोन खाचा असलेला एक नर कोपऱ्यात कुबड काढून बसला होता. टोपण त्याच्यापासून वीतभर दूर होते. बाकीचे तिघे येऊन खाऊ लागले. तो आला नाही.

मामांचा हात आत गेला. टोपण नुसते इकडे सरकवायचे, वीतभर. वजन तेच, खाद्य तेच, पाणी तेच. बोटे टोपणाला लागली.

मग त्यांनी हात काढून घेतला. झाकण लावले. बारा ग्रॅम, असे लिहिले, आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळले. वळून पुन्हा मागे बघितले. अजून सात पिंजरे राहिले होते.

सगळे झाल्यावर ते बाहेर आले, झगा काढला, आणि बसायला बाक असूनही त्या लांबलचक पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. तिसऱ्या फेरीला डॉक्टरबाई जिन्यावरून उतरताना दिसल्या. त्यांच्या हातात कागद नव्हता, काम नव्हते. नुसत्याच आल्या होत्या.

"कसे आहेत?"

"नाही सांगणार," मामा म्हणाले.

"अहो, नुसतं कसे आहेत एवढंच."

"तेच नाही सांगणार. मी सांगितलं की तुमचा चेहरा बदलेल, आणि तुमचा चेहरा बघून उद्या माझा हात बदलेल. अजून एकोणीस दिवस आहेत, बाई. वर जा तुम्ही."

डॉक्टरबाई गेल्या नाहीत. मामांच्या बाजूने, त्यांच्या चालीशी चाल जुळवत, त्याही पॅसेजच्या त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.